मोनोफिन लावल्यावर हातांचं काय करायचं?



मागच्या भागात आपण मोनोफिनचं पातं आणि छातीपासून पायापर्यंत जाणारी लाट यांबद्दल बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यांत सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न पायांचा नव्हता. "साहेब, पायांचं समजलं, पण हात कुठे ठेवायचे?" हाच प्रश्न इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव असा सगळीकडून आला. व्हिडिओत मी उभं राहून दाखवलं होतं, इथे ते शब्दांत सांगायचं आहे, म्हणून थोडं सावकाश जाऊ.

ज्यांनी मागचा भाग वाचलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मोनोफिन म्हणजे दोन्ही पाय एकत्र अडकवायचं एकच रुंद पातं. माशाच्या शेपटीसारखं दिसतं. फायबरग्लास, कार्बन फायबर किंवा साधं रबर-प्लास्टिक, असे प्रकार मिळतात. फिनस्विमिंग या खेळात पात्याची रुंदी ७६ सेंटिमीटरपर्यंत चालते. या खेळाचे नियम जी संस्था ठरवते, ती पाण्याखालच्या खेळांची जागतिक संघटना १९५९ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते जॅक-ईव्ह कुस्तो, समुद्राखालचे चित्रपट काढणारे तेच.

आता हातांकडे. पोहणं म्हणजे हातपाय मारणं, असं आपली भाषाच सांगते. त्यातही 'हात' आधी येतो, आणि ते बरोबरच आहे. क्रॉल पोहताना पुढे नेणारा बहुतांश जोर हातांचा असतो, पाय अंग आडवं ठेवायला आणि थोडी मदत करायला. मोनोफिन लावली की हा सगळा हिशोब उलटतो. पुढे ढकलण्याचं सगळं काम पातं करतं. हातांना मारायला काही उरत नाही. आणि जन्मभर हात मारून पोहलेल्या माणसाला पाण्यात हात स्थिर ठेवायला सांगा, बघा त्याचं काय होतं ते! लाट शिकायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ हात गप्प ठेवायला लागतो, असं माझं मत आहे.

पण गप्प हात म्हणजे रिकामे हात नव्हेत. त्यांना तीन कामं आहेत. पाणी कापणं, अंग डोलू न देणं आणि दिशा देणं. चौथं एक काम आहे, डोकं वाचवणं. त्याबद्दल नंतर बोलतो, कारण ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

पाणी कापणं आधी घेऊ. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. पाण्यात वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो, आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद आठपट. साधारण पोहणारा माणूस ५० मीटरला एक मिनिट घेतो असं धरा. श्वास रोखून मोनोफिनने ५० मीटर जाणारे जगातले उत्तम खेळाडू तेवढ्याला सुमारे १४ सेकंद घेतात. म्हणजे चौपटीपेक्षा जास्त वेग. हाच विरोध त्यांना मग सोळा पटींच्याही वर सोसावा लागेल, जर त्यांच्या अंगाचा आकार आपल्यासारखाच राहिला तर. तो तसा राहत नाही, तिथेच हात येतात.

मी फौजेत इंजिनिअर्समध्ये होतो. नदीवर नावांचा पूल टाकताना नावेचं नाक प्रवाहाला सरळ असेल तर दोरखंड निवांत असतात. नाव जराशी तिरकी झाली की तेच दोरखंड असे ताणले जातात की जवळ उभं राहायची हिंमत होत नाही. नाव तीच, पाणी तेच. फरक फक्त पाण्यासमोर किती अंग आलं याचा. आपलं डोकं आणि दोन खांदे म्हणजे तशी बोथट नाव. पुढे हात जोडून नेले की तिला नाक येतं.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून शिकलो, मग काठावरून उड्या सुरू. मुटका मारला की पाणी काठापर्यंत उडतं. सूर मारला की आवाजही होत नाही आणि माणूस थेट तळाकडे जातो. सूर मारताना हात कसे असतात? डोक्याच्या पुढे, जोडलेले, कान दंडांच्या मध्ये. मोनोफिनचे हात म्हणजे तोच सूर, फक्त आडवा आणि शेवटपर्यंत धरून ठेवलेला.

तो बांधायचा कसा, ते आधी जमिनीवर करा. एक तळहात दुसऱ्या हाताच्या पाठीवर ठेवा, बोटं बोटांवर. वरच्या हाताचा अंगठा खालच्या हाताच्या कडेवरून खाली घालून कुलूप लावल्यासारखा अडकवा, म्हणजे पाण्याने हात सुटणार नाहीत. कोपर सरळ. आता हात वर नेऊन खांदे कानांकडे उचला, उंच फळीवरचा डबा काढायला आपण जसे ताणतो तसे. दंड कानांना लागतील किंवा कानांच्या किंचित मागे जातील. हनुवटी थोडी आत. नजर पाण्यात तळाकडे, समोर नाही. समोर काय आहे ते बघण्यासाठी मान वर केली की दंड आणि डोकं यांच्यामध्ये खड्डा पडतो, कंबर खाली जाते आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. नवशिक्यांचा हा दोष इतका सर्रास दिसतो की मी तलावावर पहिल्यांदा मानच बघतो.

आता एक शब्द जपून वापरतो, 'ताठ'. हात ताठ हवेत, पण आवळलेले नकोत. परेडवर 'सावधान'मध्ये बराच वेळ गुडघे आवळून उभा राहिलेला जवान चक्कर येऊन पडतो, हे फौजेतल्या कुणालाही विचारा. जुना जवान सावधानमध्येही अंग कुठे सैल सोडायचं ते जाणतो. बघणाऱ्याला कळतही नाही. हातांचं तसंच. कोपर सरळ, अंगठा अडकलेला, बाकी मनगट, पंजा, मान यांच्यात जोर नाही. श्वास रोखून जाणार असाल तर याला आणखी महत्त्व आहे, कारण आवळलेला प्रत्येक स्नायू तुमच्याजवळचा मोजका ऑक्सिजन खातो.

दुसरं काम, अंग डोलू न देणं. पातं खाली मारलं की त्याची प्रतिक्रिया अंगावर येते आणि पुढचा भाग वरखाली व्हायला बघतो. डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर चालणाऱ्या मुलीच्या हातात लांब काठी असते, आठवतं? ती काठी तिला तोलते, कारण लांब वस्तू चटकन फिरत नाही. पुढे लांबवलेले हात तुमच्या अंगाची लांबी वाढवतात आणि तेच करतात. म्हणून लाट छातीपासून निघते, पोटातून, मांड्यांतून मोठी होत होत पात्यापर्यंत पोचते. हातांच्या टोकाला ती जवळजवळ नसते. पात्याचा झोका हातभर असेल तर बोटांच्या टोकाची हालचाल चार बोटं रुंदीच्या आसपास राहावी, असा माझा साधा अंदाज आहे. अगदी शून्य करायला जाऊ नका, छातीच अडकेल. पण वीतभर हात वरखाली होत असतील तर तुम्ही लाट पाण्याला देत नाही आहात, आपल्याच हातांनी ती परत खाता आहात. बरेच जण हातांनी पाणी खाली दाबून लाट सुरू करतात. पहिले दोन दिवस ठीक आहे. नंतर ती सवय मोडायला महिने जातात.

तपासायला मोबाइलचा उपयोग करा. कुणाला तरी काठावरून, बाजूने, व्हिडिओ काढायला सांगा आणि फक्त बोटांकडे बघा, शेपटीकडे नाही. शेपटी छान दिसतेच.

तिसरं काम दिशा देण्याचं. पाणबुडीच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंना छोटे पंख असतात. ते थोडे कलले की एवढं मोठं जहाज खाली किंवा वर जातं. तुमचे तळहात म्हणजे ते पंख. बोटांची टोकं किंचित खाली, तुम्ही खाली. किंचित वर, तुम्ही वर. किंचित म्हणजे खरंच किंचित. वेग जास्त असल्यामुळे मनगटाचा थोडासा कल पुरतो, आणि उथळ बाजूला, जिथे पाणी जेमतेम छातीएवढं असतं, तिथे नवा माणूस दोन सेकंदांत फरशीला पोट लावतो. डावी-उजवीकडे वळताना दोन्ही हात एकत्रच त्या बाजूला न्यायचे, कुलूप न सोडता, आणि छाती मागून आणायची.

आता चौथं काम. मोनोफिनने साधा हौशी माणूसही त्याच्या नेहमीच्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट जाऊ शकतो. २५ मीटरचा तलाव दिसता दिसता संपतो. नजर तळाकडे आहे, म्हणजे समोरची भिंत दिसत नाही. अशा वेळी भिंतीला आधी काय लागावं? बोटं लागावीत. हात बाजूला घेऊन, बाणासारखं सुटल्याच्या आनंदात कुणी निघालं, तर भिंतीला आधी डोकं लागतं, आणि मानेची इजा म्हणजे खेळ नव्हे. म्हणून माझा नियम असा की तलावात मोनोफिन असेल तर किमान एक हात पुढे. याला अपवाद मी मानत नाही. तळावरची काळी रेघ संपून आडवी रेघ आली की पातं थांबवायचं, सरकत जायचं, एका हाताने भिंत धरायची, गुडघे पोटाशी घेऊन वळायचं. मोकळा हात त्या वेळी पाणी बाजूला सारून अंग फिरवायला मदत करतो. पुन्हा दोन्ही हात जोडले, की मगच भिंत ढकलायची.

इथवर सगळं तरुणांसाठी सोपं. माझ्या वयाच्या मंडळींची अडचण खांद्यापाशी येते. साठीनंतर हात कानाला लावून सरळ वर जात नाहीत, आणि जाताहेत असं आपल्याला वाटत राहतं. त्यासाठी भिंतीची परीक्षा. भिंतीला पाठ, ढुंगण आणि डोकं टेकून उभे राहा, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. कंबर भिंतीकडे दाबून धरा आणि सरळ हात वर न्या. अंगठे भिंतीला लागले तर उत्तम. लागण्यासाठी कंबर भिंतीपासून सुटली आणि बरगड्या पुढे आल्या, तर समजा की खांद्याचं कर्ज तुम्ही कंबरेकडून फेडता आहात. पाण्यात हेच होतं. हात पुढे ताणलेले दिसतात, पण कंबरेला बाक पडलेला असतो आणि त्याच बाकावर शेकडो वेळा मोनोफिनचा जोर येतो. मग दुसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, मोनोफिनने कंबर धरली. मोनोफिनने नाही, न वळणाऱ्या खांद्याने धरली.

अशांनी हात जोडायचा हट्ट धरू नये. रेल्वेच्या रुळांसारखे दोन्ही हात खांद्याएवढ्या अंतरावर, समांतर पुढे ठेवा. पाण्याला थोडा जास्त विरोध होईल, होऊ द्या. आपल्याला पदक घ्यायचं नाही. तरीही त्रास होत असेल तर एक हात पुढे आणि एक मांडीला. यात अंग एका कुशीवर कलायला बघतं, म्हणून दर फेरीला हात बदला. आणि ज्यांचा खांदा जखडला आहे, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, त्यांनी आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गाठावा. मधुमेह असणाऱ्यांत हा जखडलेला खांदा जास्त आढळतो, आणि तो ताणून मोकळा करायचा प्रकार स्वतःच्या मनाने करायचा नसतो.

सराव कसा करावा, तर मोनोफिन पहिले काही दिवस पिशवीतच राहू द्या. भिंत ढकला, हात जोडा, काहीही न मारता सरकत जा आणि कुठे थांबलात ते काठावरच्या एखाद्या खुणेवरून लक्षात ठेवा. मग मान वर करून तेच करा. मग हात फाकवून. प्रत्येक वेळी अंतर किती कमी होतं ते तुमचं अंगच तुम्हाला सांगेल. मला तासभर बोलावं लागणार नाही. त्यानंतर मोनोफिनशिवाय डॉल्फिन किक, आणि मग पातं. चेहऱ्याच्या मधोमध उभा राहणारा समोरचा स्नॉर्केल मिळाला तर घ्या. श्वासासाठी मान फिरवावी लागत नाही, त्यामुळे हात सुटत नाहीत. स्पर्धेत पृष्ठभागावरून जाणारे खेळाडू तोच वापरतात. सुरुवातीला आणि वळल्यावर त्यांना १५ मीटरपर्यंतच पूर्ण पाण्याखाली राहता येतं, पुढे वर यावं लागतं.

श्वास रोखण्याचा विषय निघालाच आहे. सूर पक्का जमला की पाण्याखालून लांब जायची हौस येते, आणि तिथे माणसं जातात. श्वास घ्यावासा वाटतो तो अंगातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. आधी जोरजोरात श्वास घेऊन-सोडून कुणी बुडी मारली तर कार्बन डायऑक्साइड आधीच घटलेला असतो. श्वासाची ओढ उशिरा लागते आणि त्याआधी शुद्ध जाते, काही न कळता. म्हणून हे एकट्याने करायचं नाही, आणि आधी श्वास फुगवून तर मुळीच नाही. जो सोबती बघत आहे त्याने हातांकडे बघावं. जोडलेले हात सुटले, कोपर सैल पडले, लाट विसकटली किंवा तोंडातून बुडबुडे निघाले, की विचार करत बसायचं नाही. उचलायचं, चेहरा पाण्याबाहेर. काठावर मोबाइल बघत बसलेला सोबती हा सोबती नव्हे.

आता आलेल्या प्रश्नांपैकी तीन.

पहिला, समुद्रात खोल जाणारे फ्रीडायव्हर हात बाजूला ठेवलेले दिसतात, मग तुम्ही पुढे का सांगता? कारण त्यांचं काम वेगळं आहे. तलावात आडवं अंतर कापणारे फ्रीडायव्हरही हात पुढेच ठेवतात. सरळ खाली जाणाऱ्याला कानातला दाब सारखा करावा लागतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि फुप्फुसातली हवा आक्रसून निम्म्यावर येते. नाक चिमटीत धरून दाब सोडायचा तर एक हात नाकाशी हवाच, कोपर छातीला चिकटवून. जे नाकाला चिमटा लावतात त्यांचे हात मोकळे राहतात. आणखी खाली गेल्यावर अंग आपोआप बुडू लागतं, पातं थांबवायचं असतं, तेव्हा हात बाजूला सोडून मान आणि खांदे सैल केले की दाब सोडणं सोपं जातं. समोर भिंत नसते आणि ते दोराला बांधलेले असतात, हा फरक विसरू नका.

दुसरा, लष्करी पाणबुडे मोनोफिन का वापरत नाहीत? त्यांना दोन फिन्स लागतात, कारण काठावर चढायचं असतं, चालायचं असतं, जागेवर वळायचं असतं. हातात काम असतं. पण गंमत बघा, अंधाऱ्या पाण्यात होकायंत्राची पाटी घेऊन जाणारा पाणबुडा ती दोन्ही हातांनी समोर धरून, हात न हलवता जातो. हात हलले की दिशा चुकते. धंदा वेगळा, पण पुढे धरलेल्या हातांची शिस्त तीच.

तिसरा प्रश्न एका आजींचा. नातीसाठी जलपरीची शेपटी आणली आहे, ती कशी वापरू द्यावी? आजी, त्या कापडी शेपटीच्या आत बहुधा एक छोटी मोनोफिनच असते, म्हणजे मुलीचे दोन्ही पाय बांधलेले असतात. ती तलावात उभी राहू शकत नाही, पायऱ्या चढू शकत नाही. शेपटीशिवाय जी नीट पोहू शकत नाही तिला ती घालूच देऊ नका. पोहता येत असेल तर पहिले दिवस हातांचेच. शेपटी घालून उताणं तरंगायचं आणि कमरेजवळ दोन्ही हातांनी पाणी वल्हवत काठाला यायचं. मग पाण्यातच, स्वतःच्या हातांनी, शेपटी काढायची. हे कमरेएवढ्या पाण्यात, घरचं कुणी मोठं माणूस पाण्यात उतरून हाताच्या अंतरावर असताना करून घ्या. शेपटी काढायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाच-सहा वेळा न घाबरता, पटकन जमलं, की मग तिला हात जोडून पुढे करायला शिकवा.